तीन घोडे आणि एक तट्टू न्यायला गाडी कशी निवडायची, इंदूरकडच्या नवीन मंडळींसाठी

दत्तजयंती जवळ आली की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची तयारी सुरू होते आणि इकडे इंदूर, महू, देवास भागातल्या नव्या घोडेवाल्यांचे तेच ते फोन यायला लागतात. दादा, तीन घोडे आहेत, पोरांसाठी एक तट्टू आहे, ट्रेलर कुठला घेऊ? किंवा, एक पिकअप स्वस्तात मिळतेय, घेऊन टाकू का? प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय, कारण गाडी चुकीची निवडली तर पैसे जातात ते जातातच पण पाय जनावराचा मोडतो, आणि घोड्याचा पाय मोडला तर पुढे काय होतं हे सांगायला नको.

माझं म्हणणं एवढंच आहे की गाडीचं नाव आणि किंमत सगळ्यात शेवटी बघा. आधी जनावराचं माप, मग हौद्याचं, म्हणजे गाडीत माल ठेवतात त्या भागाचं माप, मग चढ-उतार कशी होणार ते, मग कागद. ह्या क्रमाने गेलात तर गाडी आपोआप ठरते.

१. आधी टेप घेऊन पागेत जा

शिंप्याकडची मऊ टेप घ्या. प्रत्येक जनावराची तीन मापं लिहा: जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची, पुढच्या पायांच्या लगेच मागून घेतलेला छातीचा घेर, आणि खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी. घेर आणि लांबी सेंटीमीटरमध्ये घ्या, कारण त्यावरून वजन काढता येतं: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, येईल ते किलो. घेर १७० आणि लांबी १५५ असलेली मारवाडी घोडी साधारण ३७७ किलोची निघते. घेर १३५ आणि लांबी १२० असलेलं तट्टू १८४ च्या आसपास. हा अंदाजच आहे, पण नजरेने "असेल तीनेकशे" म्हणण्यापेक्षा खूप बरा. पक्कं वजन हवं असेल तर पहिल्या फेरीला गाडी धरमकाट्यावर रिकामी आणि मग भरून तोलून घ्या.

सोबत एक माप आणखी घ्या जे कोणी घेत नाही. घोडा दचकून मान वर करतो तेव्हा कान कुठपर्यंत जातात ते बघा. १५ हाताचा घोडा (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे ४ इंच) खांद्याला ५ फूट असतो, पण मान ताठ केली की कान सात फुटांच्या पुढे जातात. गाडीची उंची ठरवताना हे माप लागतं, खांद्याचं नाही.

२. ट्रेलर की ट्रक

परदेशी व्हिडिओ बघून सगळ्यांना मागे जोडायचा ट्रेलरच हवा असतो. दिसतोही छान, हौदा जमिनीला टेकलेला, रॅम्प बुटका, घोडा आरामात चढतो. पण हिशोब करून बघा. तीन घोडे सरासरी ३८० चे म्हणजे ११४०, वर तट्टू, म्हणजे सव्वातेराशे किलो फक्त जनावरं. चार जागांचा मजबूत ट्रेलर रिकामाच दीड टनाच्या आसपास जातो. म्हणजे ओढायचे झाले जवळजवळ तीन टन, आणि नुसते ओढायचे नाहीत तर उतारावर थांबवायचे पण आहेत. आपल्याकडच्या बहुतेक घरगुती एसयूव्ही ह्या कामाच्या नाहीत. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती ओढता येतं ते लिहिलेलं असतं ते वाचा, डीलर तोंडी काय सांगतो त्यावर जाऊ नका.

दोन जनावरं असतील, आणि ओढणारी गाडी खरंच त्या ताकदीची असेल, तर ट्रेलर चांगला. तेव्हा हे बघा: दोन एक्सल असावेत, ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेत, आणि त्याची आरटीओत वेगळी नोंद असावी, कारण ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन आहे, त्याला स्वतःचा नंबर लागतो. फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंग करून आणलेला बिनकागदाचा ट्रेलर रस्त्यावर काढू नका, अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. आणि ट्रेलरमध्ये एकच घोडा नेत असाल तर तो उजव्या बाजूला, ड्रायव्हरच्या मागे ठेवा, कारण आपला रस्ता मधे उंच आणि डाव्या कडेला उतरता असतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीत घोडा घालू नका. कमान पाटे नसतात, प्रत्येक खड्डा थेट खुरात जातो. गावातल्या गावात सुद्धा नको.

तर तीन घोडे आणि एक तट्टू असेल तर माझ्या मते आपल्याकडे ट्रकच घ्यावा, घोड्यांसाठी आतून बदलून घेतलेला. शिवाय आयशरचा कारखाना इथेच पीथमपूरला, त्यामुळे पार्ट्स, मेकॅनिक, जुनी गाडी सगळं हाताशी आहे.

३. हौदा किती फुटी

इथे जरा थांबा, कारण सगळ्यात जास्त गडबड इथे होते. लोक विचारतात "किती घोडे मावतील", आणि गाडीवाला सांगतो "साहेब सहा टाकू". मावणं आणि उभं राहणं ह्यात फरक आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ साली १२५-ई हा नियम घातला गेला, तो १ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, आणि त्यात एका घोड्याला किंवा घोडीला २.२५ चौरस मीटर जागा आणि कायमची पार्टिशनं सांगितली आहेत. २.२५ चौरस मीटर म्हणजे २४ चौरस फुटांच्या थोडं वर, साधारण ३ फूट बाय ८ फूट.

आता गाड्या ह्या मापात बसवून बघा. रुंदी गाडीगणिक बदलते म्हणून आतून टेप लावूनच हिशोब करायचा, पण अंदाज येईल.

बोलेरो पिकअप, ९ बाय साडेपाच: कागदावर दोन घोडे बसतात, पण घोडा उभा असतो, वजन वर असतं, आणि गाडी अरुंद, वळणावर डोलते. एक घोडा आणि तट्टू एवढंच.

टाटा ४०७, १० बाय ६: दोन घोडे.

चौदा फुटी आयशर, १४ बाय साडेसहा: साडेआठ चौरस मीटरच्या आत, म्हणजे तीन. चौथं तट्टू घातलं की कमी पडतो. आणि नेमकी हीच गाडी लोक घेतात कारण ती सगळीकडे मिळते.

सतरा फुटी, १७ बाय ७: ११ चौरस मीटर. चार जागा निघतात आणि वर थोडी जागा उरते, त्यात वैरण, पाण्याचे कॅन.

म्हणून तीन घोडे अधिक तट्टू ह्याला सतरा फुटी. पुढे एखादं शिंगरू वाढणार असेल तर एकोणीस फुटी बघा, पण मग गावातल्या गल्ल्यांत वळवायला त्रास आहे.

उंची आतून किमान साडेसात फूट हवी. फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या दाराच्या) वरची चौकट नेमकी घोडा मान वर करतो तिथेच आडवी येते, तिला फोम आणि रेक्झिन गुंडाळून घ्या. बाजूच्या भिंतींना खालून चार फूट तरी गादी हवी. वरून ताडपत्री असेल तर ती फडफडता कामा नये, कितीतरी घोडे त्या आवाजानेच बिथरतात.

४. तट्टूचा वेगळा विचार

लहान आहे, कुठेही बसेल असं समजून तट्टू सगळ्यात शेवटी कोपऱ्यात कोंबलं जातं. पण पार्टिशनचे दांडे घोड्याच्या छातीच्या हिशोबाने लावलेले असतात, म्हणजे साडेतीन-चार फुटांवर, आणि ते तट्टूच्या पाठीच्या वर येतात. ब्रेक लागला की तट्टू दांड्याखालून सरळ घोड्याच्या पायांत सरकतं. घोडा लाथ झाडतो, आणि ती लाथ तट्टूच्या डोक्याच्या उंचीवर असते. म्हणून तट्टूच्या बाजूचं पार्टिशन जमिनीपासून वरपर्यंत भरीव करा, प्लायवूडला दोन्ही बाजूंनी रबर लावलेलं चालतं. छातीचा दांडा त्याच्या मापाने वेगळा, दीड-दोन फूट खाली. बांधायची कडी पण खाली, नाहीतर मान लटकलेली राहते.

जागा कुठली द्यायची? माझ्या अनुभवात तट्टू शांत घोडीच्या शेजारी, केबिनच्या बाजूला पुढे बरं राहतं. जड घोडे मागच्या एक्सलच्या पुढे, मधल्या भागात. नर घोडा आणि माजावर आलेली घोडी शेजारी नको, मधे भरीव पार्टिशन आणि एक जनावर तरी असू दे. गाभण घोडी आणि लहान शिंगरू इतरांत मिसळून न्यायचं नाही, हे नियमातही आहे.

५. तळ

जुनी गाडी बघायला गेलात की इंजिनाच्या आधी हौद्यात चढा आणि खाली बसा. लाकडी फळ्या असतील तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फळ्यांच्या सांध्यात, कोपऱ्यात, मागच्या बाजूला टोचून बघा. आत गेला तर ती फळी कुजलेली आहे, वरून कितीही रंग मारलेला असू दे. लोखंडी चेकर्ड पत्रा असेल तर खालून गंज बघा, जनावरांचं मूत पत्रा आतून खातं. मग थोडं पाणी टाकून बुटाने घासून बघा. तुमचा पाय सरकतो तिथे नाल मारलेला घोडा उभाच राहू शकत नाही.

तळावर गाईच्या गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट घाला, सांधे घट्ट. त्यावर भाताचा पेंढा किंवा लाकडाचा भुसा. आपल्या माळव्यात गव्हाचा भुसा सगळीकडे मिळतो पण तो एकटा घालू नका, धूळ उडते आणि घसरतो पण.

बरेच जण वाळू घालतात, आणि त्यात एक चांगली गोष्ट आहे. सतरा फुटी गाडीचे पाटे चार-पाच टन मालासाठी बनवलेले असतात, त्यात दीड टन घोडे घातले की गाडी मागून उडत राहते आणि घोडे थकून जातात. दोन इंच वाळूचं वजन आठशे किलोच्या पुढे जातं, पकडही मिळते, मूतही शोषतं आणि गाडी बसून चालते. वैरण मात्र वाळूवर टाकायची नाही, वाळू पोटात गेली की पोटशूळ. वैरण जाळीतच टांगा.

६. चढ-उतार

हौदा साडेतीन फूट उंच असेल आणि रॅम्पचा चढ २० अंशांचा ठेवायचा असेल तर रॅम्प १० फूट लांब लागतो. बाजारात बनवून मिळतात ते सहा फुटी, म्हणजे घोड्याला जवळजवळ भिंत चढायला लावायची. दोन तुकड्यांत जोडायचा दहा फुटी रॅम्प बनवून घ्या, दर फुटाला आडवी पट्टी, वर रबर, दोन्ही बाजूंनी कठडा. रॅम्पवर पाय ठेवल्यावर ढॅण ढॅण आवाज यायला नको, खाली लाकूड टाकलं की आवाज मरतो आणि अर्धी भीती तिथेच जाते.

घरी मात्र पागेजवळ मातीचा ओटा घालून घ्या, सगळ्यात उत्तम. फाळका आणि ओटा ह्यांच्या मधे फट राहिली तर त्यावर जाड फळी टाका, तंगडी त्याच फटीत अडकते.

गाडी आली की लगेच प्रवासाला निघू नका. आधी काही दिवस गाडी पागेसमोर उभी ठेवा आणि रोजची चंदी, म्हणजे दाणा, गाडीतच द्या. आधी शांत घोडी चढवायची, तिच्या मागे बाकीचे. चाबूक, आरडाओरडा, मागून दोरखंड लावून ओढणं, हे सगळं एकदा केलं की तो घोडा पुढच्या वेळेला गाडी बघूनच पाय रोवतो.

७. उभं कसं करायचं आणि बांधायचं कसं

जनावरांच्या वाहतुकीचे १९७८ चे नियम आहेत, त्यात घोड्यांसाठी वेगळं प्रकरण आहे. रस्त्याने नेताना तोंडं डावीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांपासून लांब. प्रत्येक दोन जनावरांमधे किमान ८ सेंटीमीटर जाडीचा बांबू, मागे दोन भक्कम आडव्या पट्ट्या, एका गाडीत चार ते सहा जनावरांपेक्षा जास्त नाहीत, सोबत एक माणूस, आणि वेग ताशी ३५ किलोमीटरच्या वर नाही. सात फुटी हौद्यात मोठा घोडा अगदी आडवा बसत नाही, नाकापासून शेपटीपर्यंत तो आठेक फूट असतो, म्हणून तोंड डावीकडे ठेवून तिरका उभा करा. तिरका उभा असला की ब्रेकच्या वेळी तोलही चांगला सांभाळतो.

दोरीबद्दल नीट वाचा. मोरखीला (तोंडावर चढवतात त्या पट्ट्याला) बांधलेली दोरी एवढी लांब हवी की घोड्याला मान गुडघ्यापर्यंत खाली घेता येईल. मान वरच बांधून ठेवली तर छातीतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, आणि दोन-तीन दिवसांनी ताप, खोकला, न्यूमोनिया. लांबच्या प्रवासानंतर घोडे आजारी पडतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि उपाय फुकटचा आहे. गाठ नेहमी एका झटक्यात सुटणारी. पागेतली अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या-मागच्या बांधायच्या दोऱ्या, गाडीत लावायची नाही, पाय मोकळे हवेत.

८. भाड्याची गाडी घेत असाल तर

वर्षातून एकदोनदाच जायचं असेल तर विकत घेऊच नका. देवास नाक्याकडे किंवा लोहा मंडीत चौकशी केली तर सतरा फुटी मिळते. विचारायचं एवढंच: आधी काय माल नेला होता (सिमेंट, खत, औषधं असेल तर धुऊनच घ्या), हौद्यात खिळे, हूक बाहेर आलेत का, सायलेन्सरचा धूर हौद्यात येतो का, आणि ड्रायव्हरने कधी जनावरं नेली आहेत का. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा, ते बघा, नुसती नक्षी बघून भुलू नका. ड्रायव्हर चांगला असेल तर मी थोडी जुनी गाडी पण घेईन, उलटं नाही.

९. कागद

एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, केबिनमध्ये, हाताशी:

- पशुवैद्यकाचं प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र. नियमाप्रमाणे हे नसेल तर वाहतूकदाराने जनावरं न्यायलाच नकार द्यायचा असतो.
- ग्लँडर्सची तपासणी निगेटिव्ह असल्याचा रिपोर्ट. हा रोग माणसालाही होतो, सरकारी अधिसूचित रोग आहे. रक्त घेण्यापासून रिपोर्ट हातात यायला वेळ लागतो, म्हणून मेळ्याच्या बरंच आधी सुरुवात करा.
- धनुर्वाताच्या लसीची नोंद.
- मालकीचा पुरावा: खरेदीची पावती, असेल तर जातीची नोंदणी, आणि प्रत्येक जनावराचे दोन्ही बाजूंनी फोटो.
- पाठवणारा आणि घेणारा ह्यांची नावं, पत्ते, फोन, किती जनावरं, किती वैरण, हे लिहिलेला कागद.
- गाडीचं आरसी, फिटनेस, विमा, पीयूसी, आणि महाराष्ट्रात जायचं तर तिथे चालणारं परमिट.
- गाडी स्वतःची असून आतून बदलून घेतली असेल तर जनावरांच्या वाहतुकीचा आरटीओचा परवाना. आपलं आरटीओ नायता मुंडल्याला आहे, बॉडीचं काम सुरू करायच्या आधीच तिथे विचारून या, नंतर तोडफोड महाग पडते.

तपासणीसाठी महूचं पशुचिकित्सा महाविद्यालय जवळ आहे, प्रवासाच्या आधी एकदा सगळी जनावरं दाखवून घ्या.

१०. वाटेत

इंदूरहून सेंधवा, खेतिया, शहादा करत सारंगखेडा अडीचशे किलोमीटरच्या आसपास. ३५ च्या वेगाने सात तास चालायचे आणि थांबे वेगळे, असं धरून रात्री उशिरा किंवा पहाटे निघा. निघायच्या आधी पाणी आणि वैरण पोटभर, चंदी मात्र कमी. दर तीन-चार तासांनी सावलीत थांबून इंजिन बंद करायचं, पाणी दाखवायचं, दोऱ्या बघायच्या. काही घोडे बाहेरचं पाणी पीत नाहीत, घरचं कॅनमध्ये भरून न्या.

गणपती घाट असो की वाटेतला दुसरा कुठलाही घाट, उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, उतारावर न्यूट्रल अजिबात नाही. गणपती घाटात ब्रेक फेल होऊन किती अपघात झालेत हे ह्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. घाट संपला की गाडी कडेला घेऊन मागे जाऊन बघा, कोणी गुडघ्यावर आलंय का, तट्टू आपल्या जागेवर आहे का. सोबतचा माणूस घोड्यांना ओळखणारा असावा, नुसता क्लिनर नको.

सोबत ठेवायचं सामान: धारदार चाकू, दोन जादा मोरख्या, टॉर्च, बादली, बँडेज आणि जंतुनाशक, थर्मामीटर, आग विझवायचा सिलेंडर, पशुवैद्यकाचा नंबर.

११. पोहोचल्यावर

उतरवून लगेच बांधू नका, दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवा, पाणी द्या, वैरण जमिनीवर टाका म्हणजे मान खाली जाते. चंदी दोनेक तासांनी. पुढचे तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा, साडेसदतीस ते साडेअडतीस ठीक. साडेअडतीसच्या वर गेला, किंवा घोडा खात नाही, खोकतो, तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा आणि प्रवास कधी, किती तासांचा झाला ते आधी सांगा.

गाडी त्याच संध्याकाळी धुऊन घ्या, मॅट उचलून खालून पण.